शिक्का कोणाचा मानायचा?

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी बारा वर्षे गुणवत्ता विभागात होते. आम्ही यंत्रांच्या पॅनेलवरचे विजेचे स्विच बनवत असू. अमेरिकेला जाणाऱ्या स्विचचे नमुने आधी इथल्या प्रयोगशाळेत त्यांच्याच मानकाप्रमाणे तपासले जात, आणि मग तिकडे पुन्हा. निकाल बहुधा तोच यायचा. पैसे आणि दोन-अडीच महिने मात्र नव्याने जायचे. आमचे साहेब म्हणत, "त्यांना आपला शिक्का चालत नाही." मला तेव्हा तो अपमान वाटे. पुढे या विषयाचे कागद वाचू लागले, तेव्हा कळले की श्रीमंत देशही एकमेकांचा शिक्का सहजासहजी मानत नाहीत.

जागतिक व्यापार संघटनेचा व्यापारातील तांत्रिक अडथळ्यांविषयीचा करार १९९५पासून लागू आहे. दुसऱ्या देशातल्या तपासणीचे निकाल शक्य असेल तेव्हा स्वीकारा, असे तो सांगतो. सारा घोळ त्या 'शक्य असेल तेव्हा'त आहे. ते शक्य व्हावे म्हणून देश परस्पर मान्यता करार करतात. अशा करारामुळे नियमही एक होतात, असा अनेकांचा समज असतो. तसे होत नाही. अमेरिकेत विकायच्या वस्तूला अमेरिकेचेच नियम. फक्त त्या नियमांप्रमाणे युरोपातल्या प्रयोगशाळेने केलेली तपासणी चालते. प्रश्नपत्रिका आपली, आदर्श उत्तरे आपली, पण पेपर तपासणारे मास्तर परगावचे. मान्यता वस्तूला नसते, मास्तरांना असते.

अमेरिका आणि युरोपीय संघ यांनी १९९८मध्ये असा करार केला. दूरसंचार उपकरणे, विद्युत सुरक्षा, वैद्यकीय उपकरणे, औषध कारखान्यांची पाहणी, अगदी हौशी लोकांच्या होड्यासुद्धा त्यात होत्या. त्यातले विद्युत सुरक्षेचे प्रकरण, म्हणजे माझे क्षेत्र, युरोपने २००३च्या सुरुवातीला स्थगित केले. कोणती प्रयोगशाळा मान्य करायची, हे अमेरिकेचे कामगार सुरक्षा खाते स्वतः तपासून ठरवते. युरोपीय सरकारांनी सुचवलेली नावे ते तशीच स्वीकारायला तयार झाले नाही. हे वाचून, खोटे कशाला बोलू, मला थोडे बरे वाटले.

औषधांचे प्रकरणही अनेक वर्षे कागदावरच राहिले. एकाच कारखान्याची पाहणी दोन्हीकडचे निरीक्षक वेगवेगळी करत. २०१४पासून अमेरिकेचे औषध प्रशासन युरोपातल्या औषध यंत्रणांच्या तपासण्यांना निरीक्षक म्हणून हजर राहू लागले. थोडक्यात, निरीक्षकांनी निरीक्षकांना निरखले. २०१७मध्ये नवी व्यवस्था लागू झाली आणि जुलै २०१९मध्ये, स्लोव्हाकियासह, तेव्हाच्या सगळ्या २८ सदस्य देशांना मान्यता मिळाली. सहीपासून मोजली तर एकवीस वर्षे! वाचलेले मनुष्यबळ जिथे जोखीम अधिक वाटते अशा देशांतल्या कारखान्यांकडे वळवायचे, हा त्यामागचा उघड हेतू होता. औषधे निर्यात करणाऱ्या आपल्या देशाला तो दुर्लक्षून चालणार नाही.

एवढ्या कष्टाने कमावलेला विश्वास चूक न करताही जाऊ शकतो. स्वित्झर्लंड आणि युरोपीय संघ यांच्यात २००२पासून असा करार लागू होता. २६ मे २०२१ रोजी संघाचे वैद्यकीय उपकरणांचे नवे नियम अमलात आले, पण करारातले त्याविषयीचे प्रकरण संघाने अद्ययावत केले नाही. दोघांच्या एकूण संबंधांच्या चौकट-करारावरची बोलणी अडली होती, आणि स्वित्झर्लंडने ती नेमकी त्याच दिवशी संपवली. स्विस संस्थेचे प्रमाणपत्र संघात चालेनासे झाले. उत्पादकांना संघात प्रतिनिधी नेमावे लागले, लेबले बदलावी लागली. उपकरण आदल्या दिवशी होते तेच होते.

हल्ली रक्ततपासणीच्या अहवालावर 'एनएबीएल'ची खूण दिसते. प्रयोगशाळांची पात्रता तपासणारी ही भारतीय संस्था २०००पासून अशा संस्थांच्या आंतरराष्ट्रीय मान्यता व्यवस्थेत आहे. तिथेही या संस्था एकमेकींची तपासणी करतात. आमच्या स्विचच्या अहवालावर ती खूण असती, तरी अमेरिकेच्या त्या खात्याने तो मानलाच असता असे नाही. ती व्यवस्था या संस्थांची आपसातली आहे, सरकारांमधली नव्हे.