कपाटामागे पंचवीस महिने

ट्राममध्ये बसायचे नाही. सायकल सरकारजमा करायची. बाजारहाट दुपारी तीन ते पाच या वेळातच उरकायचा. रात्री आठनंतर घराबाहेर दिसायचे नाही, स्वतःच्या अंगणातसुद्धा नाही. सिनेमागृहात पाऊल टाकायचे नाही, पोहण्याच्या तलावात उतरायचे नाही. मुलांनी इतरांच्या शाळेत जायचे नाही, त्यांची शाळा वेगळी. आणि कपड्यावर पिवळा तारा शिवूनच रस्त्यावर यायचे, म्हणजे हा कोण ते दुरूनच कळावे!

वाचकहो, हे नियम चोर-दरोडेखोरांसाठी नव्हते. मे १९४० मध्ये हिटलरच्या फौजांनी हॉलंड जिंकल्यावर तेथील ज्यू समाजावर एकामागून एक लादलेले हे हुकूम होत. गुन्हा एकच : ज्यू आईबापांच्या पोटी जन्म! या हुकुमांच्या कात्रीत सापडलेल्या एका मुलीची कहाणी आज आम्ही आमच्या भगिनींना आणि मुलामुलींना सांगणार आहोत. तिचे नाव अ‍ॅन फ्रँक.

अ‍ॅनचा जन्म १२ जून १९२९ चा, जर्मनीतील फ्रँकफुर्टचा. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि तिचे वडील ओटो फ्रँक यांनी वारे ओळखले. त्यांनी आणि मागोमाग बायको-मुलींनी हॉलंडमधील अ‍ॅमस्टरडॅम गाठले. मुरंब्यासाठी लागणारे पेक्टिन विकण्याचा धंदा मांडला. परंतु संकट पाठोपाठ तेथेही आले.

१२ जून १९४२ रोजी अ‍ॅनला तेरावे लागले. वाढदिवसाला लाल-पांढऱ्या चौकड्यांची एक वही मिळाली, तीच तिची रोजनिशी. महिनाही झाला नाही तोच ५ जुलैला थोरली बहीण मार्गो हिला जर्मनीत मजुरीच्या छावणीवर हजर होण्याचा हुकूम आला. मार्गो तेव्हा सोळा वर्षांची. दुसऱ्याच दिवशी सकाळी भर पावसात सारे कुटुंब घराबाहेर पडले. हातात मोठे सामान दिसले तर संशय येईल, म्हणून कपड्यांवर कपडे चढवले होते.

लपण्याची जागा म्हणजे प्रिन्सेनग्राख्ट २६३ येथील वडिलांच्याच कचेरीचा मागचा भाग. त्याच्या दारापुढे पुढे एक फिरते पुस्तकांचे कपाट बसवले गेले. आत आठ माणसे : फ्रँक कुटुंबाचे चौघे, व्हान पेल्स कुटुंबाचे तिघे आणि दंतवैद्य फ्रिट्झ फेफर. खाली गोदामात मजूर काम करीत. त्यांना काही ठाऊक नव्हते. म्हणून दिवसा पाय न वाजवता चालायचे, कुजबुजत बोलायचे, संडासात पाणीसुद्धा सोडायचे नाही. खिडक्यांना सदैव पडदे.

अशा कोंडवाड्यात मुले काय करीत होती? अभ्यास! कचेरीतील तरुण कर्मचारी बेप फोस्काउल हिच्या नावावर टपालाने लघुलेखनाचे धडे मागवले जात आणि आतली मुले ते शिकत. मार्गोने लॅटिनचा अभ्यासही असाच केला. शाळेचे दार बंद झाले, पण शिक्षण त्यांनी सुटू दिले नाही.

अ‍ॅन लिहीत राहिली. आईशी होणारी भांडणे, वरच्या मजल्यावरील पीटरविषयी वाटणारी ओढ, वाढत्या वयाचे प्रश्न, बाहेरची भीती, सारे काही. २८ मार्च १९४४ रोजी लंडनहून रेडिओवर डच मंत्री बोल्केस्टाइन यांनी आवाहन केले की, लोकांनी युद्धकाळातील रोजनिशा आणि पत्रे जपून ठेवावीत. ते ऐकून या पोरीने स्वतःची रोजनिशी पुस्तक म्हणून नव्याने लिहायला घेतली. तिला लेखिका व्हायचे होते.

४ ऑगस्ट १९४४ रोजी पोलीस आले. खबर कोणी दिली की आणखी कशाने हे घडले, ते आजतागायत सिद्ध झालेले नाही. आठही जणांना ३ सप्टेंबरला ऑशविट्झकडे जाणाऱ्या गाडीत कोंबले. आई एडिथ तेथेच जानेवारी १९४५ मध्ये गेली. अ‍ॅन आणि मार्गो बर्गन-बेल्सनच्या छावणीत टायफसने गेल्या. १९४५ च्या आरंभीची ही गोष्ट. १५ एप्रिलला ती छावणी मुक्त झाली. आठांपैकी एकटे ओटो परतले. हॉलंडमधून एक लाखाहून अधिक ज्यू असे नेले गेले, परतले सुमारे पाच हजार.

मग रोजनिशी वाचली कशी? कचेरीतील मीप ख्रीस या बाईने जमिनीवर विखुरलेले कागद गोळा करून, न वाचता खणात ठेवले होते. ते तिने ओटोंच्या हाती दिले. १९४७ साली पुस्तक निघाले. मीप, बेप, क्लाइमन आणि कुग्लर ही साधी कचेरीतली माणसे. पंचवीस महिने त्यांनी भाजीपाला, पुस्तके, धीर पुरवला. क्लाइमन आणि कुग्लर यांना तर अटकही झाली. मीप २०१० साली वयाच्या शंभराव्या वर्षी वारली, पण आपल्याला कोणी शूर म्हटलेले तिला कधीच रुचले नाही.

भगिनींनो, अ‍ॅनची रोजनिशी मराठीतही उपलब्ध आहे. घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती ती अवश्य द्या आणि आपणही वाचा. वाचून झाल्यावर पोरांशी बोला. आधी शाळा गेली, मग सायकल गेली, मग घर गेले आणि शेवटी माणूस गेला. हे सारे घडत असताना शेजारीपाजारी काय करीत होते, हा प्रश्न मुलांनी विचारला तर टाळू नका. बहुतेक गप्प होते, हे खरे सांगा. आणि मीपचे नावही सांगा.