मनगटावरचा हिशेबनीस

रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. जेवणं उरकलेली असतात, घरातले दिवे एकेक करून मालवले जात असतात आणि आमच्या शेजारचे काका मात्र दिवाणखान्यात सोफ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून सोफ्यापर्यंत येरझाऱ्या घालत असतात. काकू विचारतात, "अहो, झोपायचं नाही का?" काका मनगट पुढे करतात, "आठशे पावलं राहिलीत अजून." दहा हजारांचा आकडा पुरा झाला की घड्याळ थरथरतं, काचेवर छोटीशी आतषबाजी होते आणि मग काका समाधानानं पाठ टेकतात.

हे दृश्य आता पुष्कळ घरांतलं आहे. सकाळी मैदानावर गेलात, तर दर दोन मनगटांमागे एका मनगटावर असं घड्याळ दिसतं. मी काकांना हसत नाही. मधुमेहाचं निदान झाल्यापासून डॉक्टर पाच वर्षं "चाला, चाला" म्हणत होते. तेव्हा जे जमलं नाही, ते मुलानं भेट दिलेल्या या घड्याळानं महिन्याभरात करून घेतलं. पण एक प्रश्न आपण विचारत नाही. घड्याळ एवढे सगळे आकडे दाखवतं, त्यांतले खरोखर मोजलेले किती आणि अंदाजानं बांधलेले किती? हे ज्याला कळलं, त्याला हे घड्याळ फार उपयोगी आहे. ज्याला कळलं नाही, त्याला ते एखाद्या वेळी महागात पडू शकतं.

सुरुवात पावलांपासूनच करू. हा दहा हजारांचा आकडा आला कुठून? अनेकांना वाटतं, डॉक्टरांनी संशोधन करून तो ठरवला असेल. तसं नाही. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं आणि जपानमध्ये व्यायामाचं वारं वाहू लागलं. १९६५ साली यामासा नावाच्या कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विक्रीला आणलं. त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, तो जगभर रुजला.

संशोधन झालं ते पुष्कळ नंतर. हार्वर्डच्या डॉ. आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या सुमारे सतरा हजार स्त्रिया, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये पुढच्या चारेक वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळलं. पावलं वाढली तसा फायदा वाढत गेला, पण ७,५०० च्या आसपास तो थांबला. अर्थात, मुळात ज्यांची प्रकृती चांगली त्या जास्त चालणार, हेही खरं. त्यामुळे सगळं श्रेय चालण्याला देता येत नाही. तरीही यातून घेण्यासारखं आहे. जो माणूस दिवसभरात अडीच हजार पावलंच चालतो, त्यानं ती साडेचार हजारांवर नेली तर मोठी कमाई आहे. आणि नऊ हजार दोनशे चाललेल्या माणसानं उरलेल्या आठशेसाठी झोप मोडायचं काहीही कारण नाही.

आता ही पावलं मोजली कशी जातात? घड्याळाला आपले पाय दिसत नाहीत. त्याच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी एक चकती असते, तिला अ‍ॅक्सेलरोमीटर म्हणतात. हाताला कोणत्या दिशेनं किती हिसका बसला, ते ती टिपते. ठरावीक लयीत हिसके आले की घड्याळ समजतं, माणूस चालतोय. म्हणजे खरं तर घड्याळ मोजतं ते हाताचे झोके! म्हणून मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आलात तर काही पावलं गळतात. पाळणागाडी ढकलत चाललात तरी तेच. उलट पोळ्या लाटताना किंवा टाळ्या वाजवताना दोनचार पावलं फुकट पदरात पडू शकतात. पंढरीच्या वाटेवर एका टाळकऱ्याच्या आणि एका वीणेकऱ्याच्या मनगटावर सारखंच घड्याळ बांधलं, तर दोघांचा आकडा एक येईल याची खात्री नाही. वाट मात्र दोघांनी तेवढीच चाललेली असते.

पळणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांना पावलांपेक्षा अंतर आणि वेग हवा असतो. त्यासाठी घड्याळ आकाशाकडे बघतं. जमिनीपासून वीस हजार किलोमीटर उंचीवर जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. त्यांच्याकडून निघालेला संदेश पोचायला किती वेळ लागला, यावरून घड्याळ आपली जागा ठरवतं. मोकळ्या रस्त्यावर चूक काही मीटरचीच होते. उंच इमारतींच्या गल्लीत मात्र संदेश भिंतींवर आपटून येतो आणि घड्याळाला वाटतं, हा धावपटू समोरच्या बिल्डिंगमधून आरपार गेला!

मॅरेथॉननंतर हमखास ऐकू येणारी एक तक्रार आहे. "आयोजकांनी अंतर जास्त ठेवलं, माझ्या घड्याळात ४२.६ किलोमीटर आलं." मॅरेथॉनचं अंतर असतं ४२.१९५ किलोमीटर. ते मोजतात सायकलनं. सायकलच्या पुढच्या चाकाला एक गणक लावतात आणि वळणांवर जवळात जवळची रेघ धरून सगळा मार्ग मोजतात. शिवाय अंतर कमी पडू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात. आपण पळताना ती रेघ कुठे पाळतो? गर्दीतून वाट काढतो, पाण्याच्या टेबलाकडे जातो, वळण लांबून घेतो. त्यात उपग्रहाची छोटी छोटी चूक मिसळते आणि चारशे मीटर वाढतात. किलोमीटरला सहा मिनिटांचा वेग घड्याळात बघून कुणी चार तास तेरा मिनिटांचा हिशेब मांडला असेल, तर शेवटची रेघ ओलांडेपर्यंत सव्वाचार तास उलटून गेलेले असतात. म्हणून शर्यतीच्या दिवशी रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या पाट्या बघाव्यात आणि घड्याळातला वेळ तेवढा बघावा.

घड्याळाच्या पाठीमागे हिरवा प्रकाश लुकलुकतो, तो नाडीसाठी. रक्त लाल असतं, कारण ते हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटात रक्ताची लाट येते, जास्त प्रकाश शोषला जातो, कमी परत येतो. हा चढउतार मोजला की नाडी मिळते. शांत बसलेलं असताना हा आकडा बराच भरवशाचा असतो. पळताना मात्र पट्टा सैल असेल तर घड्याळ उडतं, प्रकाश गळतो. थंडीत कातडीतलं रक्त कमी होतं. गोंदण असेल तर शाई प्रकाश अडवते. आणि एक गंमत होते. पळताना पावलं मिनिटाला १६०-१७० पडतात. घड्याळ गोंधळतं आणि पावलांचा ठेकाच नाडी म्हणून दाखवतं. माणूस आरामात पळत असतो आणि आकडा बघून घाबरतो. यावर सोपा उपाय म्हणजे मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट पण हाताला खूण पडणार नाही असं घड्याळ बांधायचं. नेमकी नाडी हवीच असेल, तर छातीला बांधायचा पट्टा घ्यायचा. तो हृदयाचे विजेचे संकेतच टिपतो. फिनलंडच्या पोलर कंपनीनं असं बिनतारी यंत्र १९८२ सालीच खेळाडूंसाठी बाजारात आणलं होतं.

आणि कॅलरी? इथे मात्र सावध राहा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली साठ जणांवर सात प्रकारची मनगटी यंत्रं तपासली गेली. नाडीच्या बाबतीत सातांपैकी सहा यंत्रांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरीच्या बाबतीत सगळ्यात चांगलं यंत्र सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी! याचं कारण, कॅलरी घड्याळ मोजतच नाही. वय, वजन, उंची, नाडी आणि हालचाल यांची बेरीज-वजाबाकी करून तो एक अंदाज असतो. घड्याळानं चारशे कॅलरी जाळल्याचं सांगितलं म्हणून कुणी टपरीवर वडापाव घेतो. जळलेल्या कॅलरी तीनशे असतील, नाही तर अडीचशेही. वडापाव मात्र पूर्ण पोटात जातो.

घड्याळ नाडीचे रंगीत टप्पेही दाखवतं. हा हलका व्यायाम, हा मध्यम, हा जोराचा. हे टप्पे बहुधा वयावरून काढलेले असतात. २२० मधून वय वजा करायचं, हे जुनं सूत्र. सत्तर वर्षांच्या माणसाची कमाल नाडी त्यानं १५० येते. २००१ साली आलेलं दुसरं सूत्र त्याच माणसाला १५९ देतं. प्रत्यक्षात माणसामाणसात दहाबारा ठोक्यांचा फरक सहज असतो. शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर जातीच्या, नाडी वाढूच देत नाहीत. अशा माणसानं टप्पा गाठायचा म्हणून जोर काढला, तर तो नको इतका दमेल. यापेक्षा जुनी परीक्षा बरी. चालता चालता बोलता येतंय, पण गाता येत नाही, म्हणजे व्यायाम मध्यम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलेला दंडक आठवड्याला किमान दीडशे मिनिटं अशाच व्यायामाचा आहे.

मग या घड्याळाचा खरा उपयोग कशात? माझ्या मते, स्वतःची स्वतःशी तुलना करण्यात. विश्रांतीच्या वेळची नाडी बघा. नेहमी ६४ असणारी नाडी चार दिवस ७४ दिसतेय, म्हणजे ताप येऊ घातलाय, झोप होत नाहीये किंवा पळण्याचा सराव जरा जास्तच झालाय. त्या दिवशी पळणं सोडावं. घड्याळ थोडं चुकत असेल तरी ते रोज साधारण सारखंच चुकतं, त्यामुळे चढउतार कळतो. शेजाऱ्याच्या घड्याळाशी मात्र तुलना करू नये. झोपेचंही तेच. किती वाजता आडवे झालात, कधी उठलात, हे ते ठीक सांगतं. गाढ झोप किती आणि स्वप्नांची किती, हा पुन्हा अंदाज. सकाळी उठून ताजंतवानं वाटत असताना आकडा वाईट आला म्हणून दिवस खराब करून घेऊ नये.

हृदयाच्या बाबतीत या घड्याळांनी काही चांगलं काम केलंय, हेही सांगितलं पाहिजे. अ‍ॅपलच्या घड्याळावरची एक मोठी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. चार लाखांहून अधिक लोक तीत होते. नाडी अनियमित असल्याची सूचना फक्त अर्ध्या टक्क्याला मिळाली. त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर छातीला पट्टी लावून तपासणी करून घेतली, त्यांतल्या ३४ टक्के लोकांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडण्याचा विकार, सापडला. या विकारातून पक्षाघात होऊ शकतो. तेव्हा अशी सूचना आली तर घाबरू नका, पण डॉक्टरांना जरूर दाखवा.

पण हीच गोष्ट उलटी वाचू नका. आमच्या काकांनी ती उलटी वाचली. गेल्या वर्षी एका पहाटे त्यांच्या छातीवर ओझं ठेवल्यासारखं झालं, कपाळावर घाम आला. त्यांनी घड्याळ बघितलं. नाडी ७८. "आकडा तर नॉर्मल आहे, पित्त असेल," असं म्हणून ते दोन तास पडून राहिले. शेवटी काकूंनी ऐकलं नाही, मुलाला उठवलं, म्हणून दवाखान्यात पोचले. हृदयविकाराचा झटका होता. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबली, तरी नाडी सुरुवातीला ७८ असू शकते. मनगटावरच्या हिरव्या प्रकाशाला ती तुंबलेली वाहिनी दिसत नाही. ज्या घड्याळांत हृदयाचा आलेख काढायची सोय आहे, त्यांचे उत्पादकसुद्धा सांगतात, की हे यंत्र हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही. तेव्हा छातीत जडपणा, हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप यांपैकी काही झालं, तर घड्याळ बघण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. मधुमेह असलेल्यांनी तर जास्तच जपायचं, कारण त्यांना कित्येकदा छातीत दुखतच नाही.

मधुमेह्यांसाठी आणखी एक सांगतो. सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारी घड्याळं म्हणून काही स्वस्त वस्तू विकल्या जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना बजावलं, की निव्वळ घड्याळानं किंवा अंगठीनं साखर मोजणाऱ्या एकाही यंत्राला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवायचं यंत्र वेगळं. त्याची बारीक तार कातडीखाली जाते. घड्याळाचा आकडा बघून कुणी इन्सुलिनचं प्रमाण बदललं, तर जिवावर बेतेल.

काका आता बरे आहेत. घड्याळ त्यांनी काढून टाकलेलं नाही, टाकायची गरजही नव्हती. डॉक्टरांनी त्यांना सहा हजार पावलं सांगितली आहेत. ती ते तुकड्यातुकड्यानं चालतात, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं, साखरेला ते बरं पडतं म्हणून. दर रविवारी विश्रांतीची नाडी एका वहीत लिहून ठेवतात आणि ती वही तपासणीच्या वेळी घेऊन जातात. डॉक्टर वही बघतात, आणि मग काकांचं मनगट हातात घेऊन, घड्याळ जरा वर सरकवून, आपल्या बोटांनी नाडी बघतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)