म्हातारपणाची बेगमी

झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं उत्तरेकडचं टोकाचं गाव. पलीकडे गुजरात. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. म्हणून कोळीवाड्यांत उन्हाळ्यातच बोंबील, जवळा वाळवून ठेवतात, चार पैसे बाजूला काढतात. बंदी येणार हे ठाऊक असतं, म्हणून तिची बेगमीही होते.

म्हातारपणही येणारच असतं. त्याची बेगमी मात्र क्वचितच दिसते.

आमच्या अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा दवाखान्याचं बिल कसंबसं भागलं. खरा खर्च घरी आणल्यावर सुरू झाला. रात्री थांबणारा माणूस, डायपर, हवेची गादी, फिजिओथेरपी, वलसाडला तपासणीसाठी गाडी. काही महिन्यांतच आम्हा भावंडांत कुजबुज सुरू झाली, कोणी किती द्यायचे? अब्बांना बोलता येत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. ती कुजबुज त्यांनी ऐकली, ही खंत आजही जात नाही.

७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. कार्ड जरूर काढावं. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. घरी उठवायला-बसवायला येणाऱ्या माणसाचा पगार त्यातून निघत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये ६५ वर्षांवरील गरिबांना मिळतात, तेही वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर. उरलेला भार घरावरच.

रमजानमध्ये वार्धक्यामुळे किंवा कायमच्या आजारामुळे रोजा झेपत नसेल, तर एकेका रोजाच्या बदल्यात एका गरजूला जेवू घालायचं असतं. याला फिदिया म्हणतात. म्हणजे शरीर थकणार हे धर्माने गृहीत धरलं आहे आणि त्याचा हिशेबही घालून दिला आहे. आणखी एक नियम आहे. जकात गरजूंना देतात, पण स्वतःच्या आईवडिलांना देता येत नाही. त्यांचा सांभाळ हे दान नव्हे, आपलं कर्तव्य आहे.

याच महिन्यात अनेक घरांत वही उघडून अडीच टक्के जकात काढली जाते. त्याच वहीत आणखी एक पान करावं. सोबतीला कोण राहील, महिन्याचा अंदाजे खर्च किती, कोणाचा वाटा किती, बँकेची आणि विम्याची कागदपत्रं कुठे आहेत. पैसे देणाऱ्याचं नाव लिहिताना रात्री जागणाऱ्या सुनेचं किंवा लेकीचं नावही लिहावं. तिचे कष्टही खर्चातच मोजावेत. दरमहा थोडी रक्कम वेगळी टाकावी.

ईदला सगळी भावंडं एकत्र येतात. शिरखुर्मा झाल्यावर अर्धा तास यासाठी काढावा. दिवाळीला, नाताळला एकत्र येणाऱ्या घरांनाही हे जमेल. आणि पहिला प्रश्न आईवडिलांनाच विचारावा, तुम्हाला कुठे आणि कसं राहायला आवडेल? त्यांना उत्तर देता येतंय, तोवरच.