ब्रेना, लेपा

(२० ऑक्टोबर १९६० – ). यूगोस्लाव्ह-सर्बियन लोक-पॉप गायिका व ध्वनिमुद्रण-व्यावसायिक. मूळ नाव फाह्रेता याहिच. विवाहोत्तर नाव फाह्रेता झिव्होयिनोव्हिच. ‘लेपा’ या सर्बियन विशेषणाचा अर्थ ‘सुंदर’ असा आहे. तिचा जन्म बॉस्नियातील तुझ्ला येथे एका बॉस्नियन मुस्लिम कुटुंबात झाला. तिचे बालपण सावा नदीकाठच्या ब्र्च्को या सर्ब, क्रोएट आणि मुस्लिम अशा संमिश्र वस्तीच्या गावी गेले. शालेय वयापासून ती गात असे. १९८० मध्ये ती सर्बियातील नोव्ही साद येथे आली व एका वाद्यवृंदाची गायिका झाली. पुढे ‘स्लात्की ग्रेह’ (म. अर्थ गोड पाप) या नावाने प्रसिद्धीस आलेल्या या वृंदाचा प्रमुख साशा पोपोव्हिच हा तिचा दीर्घकाळचा सहकारी ठरला.

ब्रेनाने ज्या संगीतप्रकारात नाव मिळविले, तो ‘नवरचित लोकसंगीत’ या संज्ञेने ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर यूगोस्लाव्हियात वेगाने औद्योगिकीकरण झाले आणि लक्षावधी शेतकरी शहरांत आले; १९६० नंतर अनेकजण मजुरीसाठी पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांतही गेले. गाव सुटलेल्या, पण शहरात पुरत्या न रुळलेल्या या वर्गाला पारंपरिक लोकगीते अपुरी वाटत आणि पाश्चात्त्य धर्तीचे शहरी संगीत परके वाटे. व्यावसायिक गीतकार-संगीतकारांनी लोकसंगीताच्या वळणावर नवी गीते रचून ही उणीव भरून काढली. लेपा लुकिच हिच्या १९६४ मधील एका गीताच्या यशापासून या प्रकाराचा उदय झाला, असे सामान्यतः मानतात. अकॉर्डियनचा द्रुत व अलंकृत वापर, ‘कोलो’ या साखळी-नृत्याची लय आणि बॉस्नियातील ‘सेव्हदालिंका’ या प्रेमगीतांतून आलेली, तुर्की अंमलाचा ठसा असलेली कंपयुक्त गायकी ही त्याची प्रमुख लक्षणे होत. सुशिक्षितांच्या वर्तुळात मात्र हे संगीत हीन अभिरुचीचे गणले जाई. १९७० नंतरच्या दशकात तर ‘हीन’ ठरविलेल्या ध्वनिमुद्रिकांवर जादा कर बसविण्यात आला. तथापि त्यांची मागणी घटली नाही.

या पार्श्वभूमीवर चाचाक, चाचाक ही ब्रेनाची पहिली ध्वनिमुद्रिका १९८२ मध्ये निघाली. त्याच वर्षीच्या मिले वोली डिस्को (म. शी. मिलेला डिस्को आवडतो) या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकगीतात डिस्कोवर लुब्ध झालेला तरुण आणि कोलोवर प्रेम करणारी तरुणी यांची गमतीदार जोडी आहे. शहर व गाव यांच्यातील ज्या ताणातून हा संगीतप्रकार जन्मला, तोच येथे विनोदाचा विषय झाला आहे. तेस्ना कोझा (१९८२) या लोकप्रिय विनोदी चित्रपटातील दर्शनाने तिचे नाव देशभर पोहोचले. १९८३ मध्ये युरोव्हिजन स्पर्धेच्या यूगोस्लाव्ह निवड-फेरीत तिने कोलोच्या ठेक्यावरील गीत सादर केले. एरवी शहरी पॉप संगीतासाठी राखीव मानल्या गेलेल्या या व्यासपीठावर लोकगायिका आल्याने बरीच चर्चा झाली. तिला प्रथम क्रमांक मिळाला नाही, पण प्रसिद्धी भरपूर मिळाली.

आधीच्या लोकगायिकांचा भर विरह, दैव आणि विश्वासघात या विषयांवर असे. ब्रेनाची गीते खेळकर, द्व्यर्थी व नृत्यानुकूल होती. तिचा आवाज फारसा अलंकृत नसून स्वच्छ व चपळ आहे. अकॉर्डियनला विद्युत् गिटार, ड्रम व सिंथेसायझर यांची जोड, आखूड व झगमगीत वेशभूषा आणि रॉक संगीताच्या धर्तीचा भव्य रंगमंच यांमुळे तिचे कार्यक्रम बालकांपासून वृद्धांपर्यंत सर्वांना आकर्षू लागले. या परिवर्तनात व्यवस्थापक राका जोकिच (मृत्यू १९९३) याचा मोठा वाटा होता. १९८० मध्ये मार्शल टिटोचे निधन झाले, तर त्या दशकात परदेशी कर्ज व चलनवाढ यांनी देश ग्रासला होता. टंचाईच्या त्या काळात तिच्या गीतांतील निश्चिंत आनंद अनेकांना दिलासा देणारा वाटला.

१९८४ मध्ये रूमानियातील टीमिश्वारा येथे तिचा कार्यक्रम एका क्रीडांगणावर प्रचंड गर्दीत झाला. सरहद्दीनजीकच्या या भागात यूगोस्लाव्ह दूरचित्रवाणी दिसत असल्याने ती तेथे आधीच परिचित होती. १९९० मध्ये सोफिया (बल्गेरिया) येथील क्रीडांगणातही असाच कार्यक्रम झाला. हाय्दे दा से वोलिमो (१९८७, म. शी. चला, प्रेम करू या) या संगीतप्रधान चित्रपटात ती स्वतःच्याच भूमिकेत चमकली. १९८९ व १९९० मध्ये त्याचे आणखी दोन भाग निघाले. चेतिरी गोदिने (१९८९, म. शी. चार वर्षे) या ध्वनिमुद्रिकेतील ‘युगोस्लोव्हेन्का’ (म. अर्थ यूगोस्लाव्ह स्त्री) हे गीत तिने बॉस्निया, क्रोएशिया व माँटेनीग्रो यांच्याशी संबंधित तीन गायकांसह गायिले. संघराज्याच्या ऐक्याचे हे गीत लोकप्रिय झाले, त्यानंतर दोन वर्षांतच ते संघराज्य कोसळू लागले.

डिसेंबर १९९१ मध्ये, क्रोएशियात युद्ध चालू असताना, तिने स्लोबोदान झिव्होयिनोव्हिच या सर्ब टेनिसपटूशी बेलग्रेड येथे विवाह केला. तो १९८६ च्या विंबल्डन स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता. १९९२ मध्ये युद्ध बॉस्नियात पसरले व ब्र्च्कोची मोठी हानी झाली. पूर्वी एकसंध असलेला तिचा श्रोतृवर्ग आता परस्परविरोधी राष्ट्रांत विभागला गेला. तिच्या १९९३ मधील ध्वनिमुद्रिकेचे शीर्षक ‘मला दुसरे घर नाही’ या अर्थाचे आहे. याच दशकात सर्बियात इलेक्ट्रॉनिक नृत्यलयीवर आधारलेले ‘टर्बोफोक’ संगीत पुढे आले. ब्रेनाला त्याची पूर्वसूरी म्हणतात. मात्र तिच्या ऐन भरातील गीतांची प्रकृती त्याहून सौम्य व अधिक विनोदी आहे.

१९९८ मध्ये तिने पती व पोपोव्हिच यांच्यासह ‘ग्रँड’ ही ध्वनिमुद्रण व कार्यक्रमनिर्मिती संस्था स्थापन केली. २००४ पासून सुरू झालेल्या या संस्थेच्या दूरचित्रवाणी-गायनस्पर्धेतून नव्या गायकांची एक पिढी पुढे आली. नोव्हेंबर २००० मध्ये तिच्या मुलाचे खंडणीसाठी अपहरण झाले. काही दिवसांनी त्याची सुटका झाली. त्या वर्षीच्या ध्वनिमुद्रिकेनंतर आठ वर्षे तिची नवी ध्वनिमुद्रिका निघाली नाही. उदी स्लोबोद्नो (२००८, म. शी. मोकळेपणाने आत ये) या ध्वनिमुद्रिकेने तिचे पुनरागमन झाले. २००९ मध्ये सारायेव्हो व झाग्रेब येथील तिच्या कार्यक्रमांना युद्धकाळातील तिच्या वर्तनाबद्दलच्या आक्षेपांवरून विरोध झाला. तरीही दोन्ही ठिकाणी श्रोत्यांनी गर्दी केली.

ब्रेना स्वतःला यूगोस्लाव्ह म्हणवीत आली आहे. ते नाव धारण करणारे राष्ट्र आज अस्तित्वात नसले, तरी त्यातून निर्माण झालेल्या बहुतेक सर्व देशांत तिची गीते ऐकली जातात. काहींना त्यांत गतकाळाची गोड आठवण दिसते, तर काहींना त्या काळच्या वास्तवावर घातलेले पांघरूण. २०१८ च्या तिच्या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकात ‘गातो’ या अर्थाच्या क्रियापदाची ‘पेवा’ व ‘प्येवा’ ही दोन्ही उच्चाररूपे योजून, यांपैकी कोणते वापरले हे खरोखरच महत्त्वाचे आहे काय, असा प्रश्न विचारला आहे. पहिले रूप मुख्यतः सर्बियातील, तर दुसरे बॉस्निया व क्रोएशियातील आहे. या एका स्वरभेदावर भाषांच्या व राष्ट्रांच्या सीमा आखल्या गेलेल्या प्रदेशात तो प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही.