संगणकाची किल्ली हरवली तर?



उसाची नोंद द्यायला गट कार्यालयात येणारे सभासद हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "साहेब, आमची लागण तारीख, क्षेत्र, टनेज समदं आता संगणकात. पासवर्ड ठाऊक असलेला माणूसच उद्या नसला, तर आमची नोंद बुडाली म्हणायची का?" प्रश्न रास्त आहे. एका जुन्या यंत्राच्या उदाहरणावरून त्याचे उत्तर देण्याचे आम्ही योजले आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९८२ साली 'सन मायक्रोसिस्टिम्स' ही कंपनी निघाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म आपल्या पुण्याचा. २०१० साली 'ओरॅकल'ने ही कंपनी विकत घेतली. परंतु १९८९ पासून निघालेली तिची 'स्पार्कस्टेशन' यंत्रे हौशी मंडळी आजही जपून चालवतात. त्यांवर 'युनिक्स' घराण्यातील 'सोलारिस' ही प्रणाली चालते. या घराण्यात सर्वाधिकारी एकच. त्याचे नाव 'रूट', म्हणजे मूळ. त्याचा पासवर्ड हरवला की कारभार अडला.

आता गंमत बघा. हा पासवर्ड यंत्रात जसाच्या तसा लिहिलेला नसतो. त्याचे गणिती चिपाड करून 'शॅडो' नावाच्या फायलीत ठेवतात. चिपाडापासून पुन्हा ऊस होत नाही, तसाच त्यावरून मूळ शब्द उलटा काढता येत नाही. म्हणून जुनी किल्ली शोधत बसायचे नाही, कुलूपच बदलायचे.

कृती अशी. यंत्र सुरू झाले की कळफलकावरील 'स्टॉप' आणि 'ए' ही बटणे एकदम दाबावीत. पडद्यावर 'ओके' अक्षरे येतात. सोलारिसची मूळ सीडी घालून 'बूट सीडीरॉम -एस' अशी आज्ञा द्यावी. आता यंत्र स्वतःच्या डिस्कवरून न उठता सीडीवरून उठते, म्हणून डिस्कवरचा पासवर्ड विचारतच नाही. मग डिस्क तपासून घ्यावी, कारण अचानक बंद पडलेल्या यंत्राच्या फायली विस्कटलेल्या असतात. डिस्क जोडून 'शॅडो' फाइल उघडावी आणि रूटच्या ओळीत पहिल्या व दुसऱ्या विसर्गचिन्हामधला मजकूर तेवढा पुसावा. बाकी एका अक्षराला हात लावू नये. फाइल जतन करून यंत्र पुन्हा सुरू केले की रूटला पासवर्डच उरत नाही. नवा पासवर्ड मात्र तिथल्या तिथे घालावा. दार उघडे टाकून जेवायला जाऊ नये!

या यंत्रांची आणखी एक खोड आहे. आत एका चिपमध्येच बंद केलेली लहान बॅटरी असते. काही वर्षांनी ती संपली की यंत्र वेळ तर विसरतेच, पण स्वतःचा ओळख क्रमांकही विसरते. तो कुठे टिपून ठेवला असेल, तर 'ओके'पाशी पुन्हा भरता येतो. कागदावरची नोंद अशी कामी येते.

हे काम मालकाच्या परवानगीनेच करायचे, हे सांगायला नकोच. पण यातून एक गोष्ट ध्यानात येते. यंत्रापाशी बसायला मिळाले आणि हाती सीडी असली, की पासवर्ड आडवा येत नाही. म्हणजे नुसत्या पासवर्डवर विसंबून चालत नाही, खोलीलाही कुलूप हवे. वजनकाट्याच्या खोलीत कोणीही शिरू नये, तसेच हे.

तेव्हा सभासदांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे: पासवर्ड हरवला म्हणून नोंद बुडत नाही. डिस्क जळाली आणि दुसरी प्रत नसली, तर मात्र बुडते. म्हणून संगणक असलेल्या प्रत्येक संस्थेने, मग ती सोसायटी असो की दूध डेअरी, तीन पथ्ये पाळावीत. पासवर्ड सीलबंद पाकिटात, दोघांच्या सहीने, तिजोरीत ठेवावा. खोलीची किल्ली जबाबदार माणसाकडे असावी. नोंदीची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत असावी आणि ती उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे.

आणि सभासदांनी? ऊस नोंदीची पावती आणि वजनाची चिठ्ठी बिल हाती पडेपर्यंत पेटीत जपून ठेवावी. ती आपल्या हातातली प्रत आहे. तिला पासवर्ड लागत नाही.