हिमोग्लोबिन भरपूर, तरी धाप!

लोकल पकडायला विठ्ठलवाडी स्टेशनचा पूल चढताना सिगारेटवाल्याला धाप लागते. गंमत म्हणजे, त्याच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन बरेचदा भरपूर असतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. दारात अडून उभ्या प्रवाशासारखा, स्वतः उतरत नाही, दुसऱ्याला चढू देत नाही. मग शरीर आणखी तांबड्या पेशी बनवतं, रक्त दाटतं, गुठळीचा धोका वाढतो. शिवाय प्रत्येक झुरक्यात अब्जावधी मुक्त मूलकं असतात. ती पेशींच्या आवरणातली स्निग्धद्रव्यं नासवतात. त्यांना आवरताना क जीवनसत्त्व खर्ची पडतं. म्हणून ते धूम्रपान करणाऱ्याला रोज 35 मिलिग्रॅम जादा लागतं. अर्थात, लिंबू पिळून हिशेब मिटत नाही. सिगारेट थांबवली, की 4-5 तासांत रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड निघून जातो.