मोहल्ला बदलतो तेव्हा कोण जाते?

जुन्या मोहल्ल्यात बदलाची चाहूल आधी दुकानांना लागते. पिठाची गिरणी बंद होते. गाद्या-रजया भरणाऱ्या पिंजाऱ्याच्या जागी काचेच्या दाराचे कॅफे येते. मग एखाद्या चाळीभोवती पत्र्याचे कुंपण उभे राहते आणि काही वर्षांनी तिथे टॉवर दिसू लागतो. रस्ता चकचकीत होतो, दिवे लागतात, आपल्यालाही बरे वाटते. पण ईदच्या नमाजनंतर गळाभेटीसाठी वळलो की लक्षात येते, ओळखीचे चेहरे कमी झाले आहेत. कुणी मुंब्र्याला गेले, कुणी मीरा रोडला, कुणी त्याहीपलीकडे.

या बदलाला इंग्रजीत 'जेंट्रिफिकेशन' म्हणतात. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी 1964 मध्ये लंडनविषयी लिहिताना हा शब्द वापरला. तिथल्या कामगारांच्या वस्त्यांत सुखवस्तू लोक घरे घेऊ लागले. घरे सुधारली, किमती चढल्या आणि मूळ रहिवासी एकेक करून बाहेर पडले. मराठीत यासाठी सर्वांच्या तोंडी बसलेला शब्द अजून नाही. आपण सोप्या भाषेत म्हणू, गरिबांची वस्ती पैसेवाल्यांची होणे.

असे का होते? पैसेवाल्यांना मोक्याची जागा हवी असते, हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे भूगोलाचे अभ्यासक नील स्मिथ यांनी 1979 मध्ये मांडले. एखाद्या जागेतून आज मिळणारे भाडे आणि तीच जागा नव्याने बांधल्यास मिळू शकणारे भाडे, यांतले अंतर जितके मोठे, तितका तिथे पैसा ओतण्याचा मोह मोठा. मुंबईत हे अंतर वर्षानुवर्षे वाढत गेले. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला मोठा आधार मिळाला, पण घरमालकांनी दुरुस्तीतून हात काढून घेतला. वर घर खचत गेले आणि खाली जमिनीचा भाव चढत गेला.

तरी नुसत्या भावाने वस्ती बदलत नाही. त्यासाठी सरकारी नियमांनी दार उघडावे लागते. मुंबईचे गिरणगाव हे त्याचे ठळक उदाहरण. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कोकण-घाटावरच्या कामगारांबरोबर मदनपुऱ्यातल्या मोमीन विणकरांच्या पिढ्याही गिरण्यांच्या साचेखात्यांत राबल्या होत्या. संपानंतर अनेक गिरण्या थंडावल्या आणि जमिनी तेवढ्या उरल्या.

1991 च्या नियमाप्रमाणे या जमिनींचा विकास करताना ढोबळमानाने तीन वाटे होणार होते. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न होता, जिच्यावर बांधकाम नव्हते तेवढ्याच जागेची होणार असे ठरले. सार्वजनिक वाटा आकसला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. आज लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आहे. वस्तीचे नशीब असे नियमातल्या एका ओळीनेही फिरते.

मग जुने आहे तसेच ठेवायचे का? मुळीच नाही. जुलै 2019 मध्ये डोंगरीत इमारत कोसळली आणि 10 हून अधिक माणसे गेली. पडक्या भिंतींत मुलेबाळे घेऊन राहणे हा काही हक्क नव्हे, ती लाचारी आहे. शिवाय पुनर्विकास म्हणजे हकालपट्टीच असेही नाही. भेंडीबाजारात 2009 मध्ये बोहरा समाजाच्या ट्रस्टने सुमारे साडेसोळा एकरांचा प्रकल्प हाती घेतला. त्यात जवळपास 3,200 कुटुंबे आणि 1,250 दुकाने यांना त्याच भागात मालकीची जागा देण्याची योजना आहे. म्हणून नवी इमारत दिसली की दोन प्रश्न विचारावेत. परत कोण आले? आणि आलेले टिकले का?

दुसरा प्रश्न आपण विसरतो. पागडीच्या खोलीचे भाडे नाममात्र असते. टॉवरमध्ये मात्र लिफ्ट, पंप, वॉचमन यांचा मेंटेनन्स दर महिन्याला भरावा लागतो. शिलाईकाम करून घर चालवणाऱ्या विधवेला किंवा निवृत्त मास्तरांना तो झेपत नाही. कुणी हाकलत नाही, पण चावी हातात आल्यावर काही वर्षांतच घर विकले जाते. कागदावर ती राजीखुशीची विक्री असते.

आपल्या कुटुंबांना यात आणखी एक अडचण आहे. मुसलमानांना हव्या त्या वस्तीत घर मिळणे अवघड जाते, ही बाब सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालातही आली. त्यामुळे मोहल्ला सुटला की निवडीला फारसा वाव उरत नाही. शहराच्या टोकाला, गर्दीच्या दुसऱ्या मोहल्ल्यात जावे लागते. कामाची जागा, मुलींची शाळा, ओळखीचा डॉक्टर सगळे लांब पडते. आणि मय्यतीच्या वेळी न बोलावता धावून येणारे शेजारी पैशांनी विकत मिळत नाहीत.

म्हणून सही करण्यापूर्वी घरात बसून बोलू या. करारनामा नोंदणीकृत आहे का? चटईक्षेत्र किती, ते नेमक्या आकड्यात लिहिले आहे का? बांधकाम लांबले तर पर्यायी घराचे भाडे कोण देणार? मेंटेनन्ससाठी कॉर्पस फंड किती, आणि त्याच्या व्याजात महिन्याचा खर्च भागेल का? मजल्यावरच्या सगळ्यांनी हे प्रश्न एकत्र विचारावेत, कारण एकट्याला गप्प करणे सोपे असते. बैठकीला घरातल्या स्त्रियांनाही न्या, कागदावर त्यांचेही नाव लावा. घरखर्चाचा खरा हिशेब त्यांनाच ठाऊक असतो.

शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने फार मोठा मानला आहे. आपला फ्लॅट पक्का झाला की आपण सुटलो, असे समजू नये. वरच्या मजल्यावरची विधवा नव्या इमारतीत टिकेल का, हे विचारणेही त्याच हक्कात येते.